वितीमागे एक बोट

संस्कृतात उरलेल्या भागाला ‘शेष’ म्हणतात. पृथ्वीचा भार ज्याच्या मस्तकावर आहे अशी पूर्वजांची कल्पना होती, त्यालाही त्यांनी हेच नाव दिले. बालपणी मला याचे मोठे नवल वाटे. काम एवढे प्रचंड, आणि नाव मात्र ‘उरलेला’! पुढे व्याकरण शिकलो, शिकवले, त्या शब्दाची व्युत्पत्ती फळ्यावर शेकडो वेळा लिहिली. पण कोडे काही सुटले नाही. आपण माणसे नेहमी संपवण्याच्या मागे असतो. हाती घेतलेले काम संपवावे, पुढ्यातले अन्न संपवावे, भांडणसुद्धा एकदाचे संपवून टाकावे, अशीच आपली शिकवण. जाणूनबुजून थोडे शिल्लक ठेवणारा आपल्याला आळशी तरी वाटतो, नाहीतर भित्रा तरी. ते शिल्लक राहिलेलेच कधीकधी सगळा भार तोलून धरते, हे मला पासष्टी उलटल्यावर समजले, आणि तेही ग्रंथातून नव्हे. माझ्या घरामागचे एक वाळलेले झाड पाडायला आलेल्या माणसाकडून. त्यांनी ‘शेष’ हा शब्द आयुष्यात कधी उच्चारला नसेल. ते त्याला बिजागरी म्हणत.

झाडे पाडणे हा त्यांचा चाळीस वर्षांचा व्यवसाय. रानातली नव्हेत, वस्तीतली झाडे: दोन घरांच्या बेचक्यात वाढलेली, तारांवर रेललेली, शाळेच्या भिंतीला खेटून वाळलेली. उठताबसता तोंडी बिजागरी, म्हणून सगळी गल्ली त्यांना बिजागरीकाका म्हणे. एखादा नवखा माणूस ते नाव ऐकून कुरकुरणाऱ्या दाराची तक्रार घेऊन त्यांच्याकडे येई. काका त्याला हसून परत पाठवत नसत, तेलाची बाटली घेऊन सोबत जात, दार गप्प करत, आणि मग सांगत, “मी या बिजागरीचा नव्हे बरं का. पण असू दे.”

माझ्या अभ्यासिकेमागे एक निलगिरी होती. घर बांधण्याच्या आधीपासूनची. दोन वर्षांत ती शेंड्यापासून वाळत खाली आली. साल लांबच लांब पट्ट्यांनी सुटून लोंबू लागली, आणि वारा सुटला की वरून काटक्यांचा मारा होई. तिच्या डाव्या हाताला माझी अभ्यासिका, उजव्या हाताला शेजारच्या घड्याळजींच्या दुकानाचे पत्र्याचे छप्पर, आणि या दोहोंच्या मधून गल्लीपर्यंत गेलेला मोकळ्या जमिनीचा पट्टा. रुंदी मी पावलांनी मोजली होती: अकरा. साठ हात उंचीचे झाड अकरा पावलांच्या पट्ट्यात निजवायचे होते.

काका दुपारी आले. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, आणि हात असे की चहाचा पेला त्यांच्या मुठीत दिसेनासाच होई. सोबत त्यांची लेक होती, तिशीच्या पुढची, ठेंगणी, चपळ. खांद्यावर दोराचे वेटोळे. काकांनी झाडाला तीन फेऱ्या घातल्या. कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर ठोकले, आणि वैद्य छातीला लावतो तसा कान लावला.

“जिवंत आहे का हो अजून?” मी विचारले.

“गेलंय, मास्तर. पण आत भरीव आहे. पोकळ असतं तर डब्यासारखं बोललं असतं.”

“आणि ते याच पट्ट्यात पडेल, हे कशावरून?”

“बिजागरी ठेवली की पडेल.”

“बिजागरी म्हणजे?”

लेकीने दोराचे वेटोळे खाली टाकले. “सर, खुर्ची आणा. तुम्ही विचारलंत ना, आता अर्धा तास गेला.”

काकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले. ते माझ्या अभ्यासिकेच्या दाराशी गेले आणि दार हळूहळू उघडत, मिटत म्हणाले, “हे बघा. हे दार अंगावर का कोसळत नाही? वळतं का? एका बाजूने कुणीतरी धरून ठेवलंय म्हणून. झाडाचंही तसंच. ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला आधी खाच घ्यायची, तोंड उघडल्यासारखी. मग मागून कापत यायचं. पण खाचेपर्यंत पोचायचं नाही. मधे लाकडाची एक पट्टी सोडायची. त्या पट्टीवर झाड वळतं, सावकाश, या दारासारखं. ती पट्टी कापून टाकली तर दार चौकटीतून निखळलं म्हणून समजा. मग ते तुमच्या पुस्तकांवर जाईल, घड्याळजींच्या पत्र्यावर जाईल, नाहीतर माझ्या टाळक्यात.”

“आणि पट्टी जास्त जाड राहिली तर?”

“वा! मास्तर शोभता.” त्यांचा चेहरा उजळला. “जाड राहिली की लाकूड वळत नाही. पुढे झुकलेलं झाड असेल तर खोड उभं चिरत जातं आणि मागची फाळ घोड्याच्या लाथेसारखी येते. म्हणून माप. वितीमागे एक बोट. बुंधा जितक्या विती रुंद, तितकी बोटं पट्टी. मेलेल्या झाडाला वर एक अंगठा. ओलं लाकूड वाकतं, वाळलेलं मोडतं. म्हणून त्याला थोडं जास्त द्यायचं.”

“हे कुणी ठरवलं?”

“माझ्या वडिलांनी सांगितलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी.”

मी मनातल्या मनात जुने कोष्टक चाळले. बारा अंगुळांची एक वितस्ति. म्हणजे रुंदीचा बारावा हिस्सा. शिष्यांना ज्या कोष्टकाची घोकंपट्टी करायला लावली, ते कुणाच्या जीवावर बेतू शकते, असा विचार चाळीस वर्षांत माझ्या मनाला शिवला नव्हता.

काकांनी बुंध्याच्या दोन्ही अंगांना एकेक काठी उभी रोवली, जमिनीवर वाकून दोहोंमधले अंतर वितीने मोजले आणि कमरेवर हात ठेवून सरळ होत म्हणाले, “चार विती.” मग थोडे थांबून, जणू झाडालाच सांगत असल्यासारखे म्हणाले, “हे माझं शेवटचं. उजव्या खांद्याने रजा मागितलीय. हे झालं की मशीन विकून टाकणार.”

यंत्राची करवत म्हणजे मशीन. मी सहज लेकीकडे पाहिले. ती दोर पुन्हा गुंडाळत होती, गुंडाळलेलाच दोर.

काका हातपाय धुवायला गेले तेव्हा ती म्हणाली, “सर, तुम्हाला वाटलं असेल ना, मी का नाही चालवायची मशीन?”

“वाटलं खरं.”

“बाबा म्हणतात माझी बिजागरी बारीक पडते. लहान झाडं देतात मला, मोठ्याचा मागचा काप नाही. दोन वर्षं झाली. मी खडूने रेघ मारते आणि रेघेवर थांबते, केसभर पुढे जात नाही. तरी प्रत्येक वेळी बुडख्यावर हात ठेवून मान हलवतात. ‘उतावळी आहेस.’” तिने दोराला एक हिसका दिला. “मशीन गेली की मी परत खोक्यांच्या कारखान्यात. दिवसभर झाकणं चिकटवायची. मला येतं ते एकच काम आहे, आणि तेच मला येत नाही असं बाबांचं म्हणणं.”

या ‘प्रत्येक वेळी’मुळे माझे कुतूहल चाळवले. रेघेवर थांबणारी व्यक्ती उतावळी कशी? आणि उतावळेपणा दर वेळी एकाच मापाने कसा चुकेल? चूक सहसा कधी इकडे, कधी तिकडे झुकते. नेहमी एकाच बाजूला झुकणारी चूक म्हणजे चूक नव्हेच, तो कुठलातरी नियम असतो, असे मी विद्यार्थ्यांना पाठभेदांच्या बाबतीत सांगत असे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचे घर. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाईयंत्र, त्यावर काकांची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी. गल्लीतले निम्मे कपडे त्यांच्या हातचे. बोलताना त्यांच्या ओठांत टाचण्या असत, पण त्यामुळे बोलणे अडल्याचे कुणी पाहिले नव्हते. मधोमध कापड बेतायचे लांब मेज, आणि समोरची भिंत, जिच्यापुढे मी कितीतरी वेळ उभाच राहिलो. भिंतीवर रांगेने खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला शिवणदोऱ्याने बांधलेली एकेक लाकडाची ढलपी: कुठे तांबूस, कुठे पिवळी, कुठे जुन्या हाडासारखी. प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख, झाडाचे नाव, जागा.

“झाड पडलं की लोक झाडाकडे धावतात,” काका म्हणाले. “मी बुडख्याकडे जातो. आधी हात ठेवतो. मग त्या पट्टीच्या टोकाची एक ढलपी काढून आणतो. झाड कसं पडलं ते झाड सांगत नाही, बुडखा सांगतो.”

“तीनशे घरी आहेत,” वहिनी टाचण्यांमधून म्हणाल्या. “लोक भिंतीला रंग लावतात. आम्ही सरपण लावलं.”

पहिल्या रांगेतला पहिला खिळा रिकामा होता. मी त्याविषयी विचारले, आणि शिलाईयंत्र थांबले.

“ते दादाचं झाड,” काका म्हणाले. “माझा थोरला भाऊ. आम्ही दोघं मिळून कापायचो तेव्हा हाताची करवत होती. संध्याकाळ व्हायला आली होती. रेघेपर्यंत कापलं, तरी झाड हलेना. मी म्हणालो, पाचर आणतो. दादा म्हणाला, आता कशाला, एवढंसंच तर राहिलंय. मी पाचर घेऊन वळलो तोवर त्याने ते एवढंसंही कापलं होतं. झाड बुडख्यावरच फिरलं. ज्या अंगाला दादा, त्या अंगाला.” ते खिळ्याकडे बघत राहिले. “बुडखा मी बघितला. ताटासारखा गुळगुळीत. ढलपी काढायला काही उरलंच नव्हतं.”

यंत्र पुन्हा सुरू झाले नाही. माझ्या लक्षात आले की या घरात ‘उतावळी’ हा शब्द साधा नव्हता.

थोड्या वेळाने मी विनंती केली की लेकीने पाडलेल्या झाडांच्या ढलप्या मला जवळून पाहायच्या आहेत. काकांनी खालच्या दोन रांगा उतरवल्या, मेजावर तारखेने मांडल्या. छत्तीस होत्या. प्रत्येकीवर बुडख्याची फितीने मोजलेली रुंदीही इंचांत लिहिली होती, त्यामुळे बाराव्या हिश्श्याशी ताडून पाहणे सोपे होते. काकांचे म्हणणे खरे होते: ढलप्या बारीक होत्या, आणि सगळ्या जवळजवळ सारख्याच प्रमाणात बारीक. मधल्या अकरा सोडून. त्या अकरा यथायोग्य होत्या.

“या कधीच्या?” मी विचारले.

“मागच्या वर्षी माझा खांदा निखळला होता. महिनाभर पडून होतो, तेव्हा ती एकटी जायची.” काकांनी त्यांतली एक उचलून उजेडात धरली. “मी नव्हतो म्हणून जपून कापलं असेल. मी समोर असलो की बिथरते.”

“मी बिथरत नाही!” लेक दारात उभी होती, हातात धार लावून आणलेली करवतीची साखळी. “तुम्ही असता तेव्हा तर मी जास्त जपते. तुम्ही सांगता तेवढी बोटं मोजते, खडूने रेघ मारते आणि थांबते. आई, तूच सांग, मी लहानपणी तरी कधी रेघेबाहेर रंगवलं का?”

“तू भिंतीवर रंगवायचीस. भिंतीला कुठली रेघ?”

“एक विचारू का?” मी म्हणालो. “त्या महिन्यात बुंध्याची रुंदी कोण मोजत होतं?”

“मीच. आणखी कोण मोजणार?”

“आणि एरवी?”

“एरवी बाबा. विती बाबाच मोजतात. मोठ्यांचा मान.”

वहिनींनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि सुयांच्या गादीत खोचल्या. मग त्या उठून मेजाशी आल्या. “हात दाखवा दोघं. इथं, मेजावर. बोटं जुळवून.”

बापलेकींनी हात ठेवले. शेजारी शेजारी ठेवलेले ते दोन पंजे एकाच जातीच्या प्राण्याचे वाटत नव्हते. वहिनींनी गळ्यातली मापाची फीत काढली, आधी काकांची बोटे मोजली, मग लेकीची; पुन्हा काकांची वीत, पुन्हा लेकीची. आणि एकदम खुर्चीत बसून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

“अहो, माप एकाचं आणि कात्री दुसऱ्याची! तुमच्या चार विती म्हणजे हिच्या जवळजवळ पाच. आणि हिची चार बोटं म्हणजे तुमची तीन. तुम्ही तुमच्या फावड्याने मोजून ‘चार’ म्हणता, आणि ही बिचारी आपल्या काड्यांनी चार ठेवते. बारीक नाही पडणार तर काय होणार? मी तुमच्या अंगाचं माप घेतलं आणि मास्तरांचा सदरा बेतला तर?”

“सर त्यात दोनदा मावतील,” लेक म्हणाली. पण तिचा आवाज हसल्यासारखा नव्हता.

“आणि ती एकटी होती,” वहिनी पुढे म्हणाल्या, “तेव्हा वीतही हिची, बोटंही हिची. मग बरोबर आलं. दोन वर्षं पोरीला उतावळी म्हणताय. दोन वर्षं!”

काकांनी आपला हात मेजावरून उचलला नव्हता. ते त्याकडे असे पाहत होते, जणू तो कुणीतरी विसरून गेलेला हातमोजा आहे. “माझ्या वडिलांचा हात एवढाच होता,” ते हळूच म्हणाले. “दादाचाही. आम्ही कुणीही मोजलं, कुणीही कापलं, तरी तेच यायचं. कुणाची वीत, कुणाचं बोट, हे विचारायची वेळच आली नाही.”

मला त्या क्षणी जे जाणवले ते असे. नियम खोटा नव्हता. तो पिढ्यान् पिढ्या खरा ठरला होता, आणि म्हणूनच त्यातला न बोललेला अर्धा भाग कुणाच्या ध्यानात आला नव्हता. लहान हाताची एक बाई त्या घराण्यात करवत धरायला आली, तेव्हा तो उघडा पडला.

लेक अजून दारातच होती. “मग बाबा?”

काकांनी ढलप्या गोळा केल्या, क्रमाने दोऱ्यात ओवल्या. “बोटांचं कोडं सुटलं,” ते म्हणाले. “थांबता येतं का, ते झाड सांगेल. उद्या मास्तरांच्या झाडाचा मागचा काप तू करायचास. आज रात्री नीट झोप.”

“आणि मशीन?”

“उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. काकांनी पान हलत नाही याची खात्री दोनदा करून घेतली. मग पहिले काम झाडाचे नव्हे, जमिनीचे. झाडाच्या मागे, तिरकस दोन अंगांना, त्यांनी काटक्या, विटा, कुंड्या उचलून दोन वाटा मोकळ्या केल्या. “पळायची वाट आधी, झाड नंतर,” ते मला म्हणाले. “पडणाऱ्या झाडाच्या अगदी पाठीमागे कधी उभं राहू नये. तिथे त्याचा बुंधा उसळून मागे सरकतो.” शेंड्याजवळ बांधलेल्या दोराचे दुसरे टोक पट्ट्याच्याही पलीकडे, झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरावर नेले होते. तिथे वहिनी आणि घड्याळजी दोर धरून उभे. घड्याळजींनी दुकानातली काचेची कपाटे रिकामी करून घड्याळे गल्लीतल्या बाकावर मांडली होती. ती सगळी मिळून टिकटिकत होती, आणि दोर धरूनही ते घडीघडी वळून त्यांच्याकडे बघत होते.

काकांनी काठ्या रोवल्या. सवयीने वाकले, पंजा पसरला. तो जमिनीला टेकणार तेवढ्यात मिटला. ते सरळ झाले.

“तू मोज.”

ती गुडघ्यांवर बसली. “पावणेपाच.”

“म्हणजे?”

“पाच धरते. पाच बोटं, आणि मेलेल्याचा अंगठा.”

खाच तिने घेतली, आणि काकांनी तिच्यात कुऱ्हाडीचा दांडा आडवा ठेवून तो गल्लीच्या कोणत्या खांबाकडे रोखला आहे ते पाहिले. तिने खाचेच्या टोकापासून मागे आपली बोटे आणि अंगठा टेकवला, दोन्ही अंगांना खडूने रेघा मारल्या. मग काका मोकळ्या केलेल्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. ते हात एकमेकांत इतके घट्ट अडकले होते की बोटांची टोके पांढरी पडली होती. एवढे मोठे झाड पडताना हे हात चाळीस वर्षांत पहिल्यांदाच रिकामे असतील.

यंत्राचा आवाज सुरू झाला. निलगिरीचा तो उग्र, औषधी वास सगळ्या अंगणात पसरला. भुसा आधी फिकट, मग तांबूस येऊ लागला. काप आत शिरला तशी तिने त्यात दोन पाचरी घालून ठेवल्या, पुन्हा कापू लागली. एका अंगाची रेघ आली. ती थांबली, वळसा घालून दुसऱ्या अंगाला गेली, वाकून पाहिले, तिकडे बोटभर जास्त होते तेवढेच काढले, आणि यंत्र बंद केले.

झाड उभेच होते.

ती शांतता मला अजून आठवते. फक्त बाकावरची घड्याळे. शेंडा किंचितही हलत नव्हता. अर्ध्याहून जास्त कापलेले ते खोड असे निश्चिंत उभे होते, जणू त्याला काही सांगितलेच गेले नाही. आणि दोराच्या टोकाकडून घड्याळजी ओरडले, “अगं, आणखी थोडं काप ना! एवढंसंच तर राहिलंय!”

मी काकांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. तोंड उघडले होते, पण आवाज निघाला नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे वाक्य, शब्दाला शब्द, दुसऱ्याच माणसाच्या तोंडून आले होते. ‘थांब’ एवढेच म्हणायचे होते, आणि तेच त्यांना म्हणता येत नव्हते.

लेकीने रेघेकडे पाहिले. मग करवत जमिनीवर ठेवली, आपल्यापासून दूर, आणि हातोडा उचलला.

“तेवढंसंच राहायला हवं, काका!” ती घड्याळजींना ओरडून म्हणाली. “तुम्ही दोर धरा, घड्याळं नका बघू!”

पाचरीवर घाव पडला. दुसऱ्या पाचरीवर. पुन्हा पहिल्या. ती एकेका घावानंतर थांबून वर बघत होती. सहाव्या की सातव्या घावाला शेंड्याने आकाशात एक बारीकशी रेघ ओढली. मग ती रेघ लांबली. तिने हातोडा टाकला आणि तिरकस वाटेने मागे आली, धावत नव्हे, भराभर चालत, झाडावरची नजर न काढता. लाकडातून दीर्घ, ताणलेला आवाज आला. साठ हातांची निलगिरी दारासारखी वळली, सावकाश, आणि शेवटच्या क्षणी वेगाने त्या अकरा पावलांच्या पट्ट्यात, घड्याळजींच्या पत्र्यापासून चांगली तीन पावले अलीकडे, आडवी झाली. जमीन हादरली. बाकावरचे एक घड्याळ तेवढे पालथे पडले.

सगळे झाडाकडे धावले. काका बुडख्याकडे गेले. लेकही तिकडेच गेली.

त्यांनी आपला पंजा त्या फाटक्या तंतूंवर ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी सारखी होती, कुठे निमुळती नाही, कुठे फुगलेली नाही.

“किती भरली?” तिने विचारले.

“मला काय विचारतेस? तुझ्या हाताने मोज.”

तिने बोटे टेकवली. पाच. मग अंगठा. मग ती तिथेच बुडख्यावर बसली आणि रडली. काकांनी कुऱ्हाड तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “रडून झालं की ढलपी काढ. आणि मशीन उन्हात ठेवू नकोस. तुझी आहे, तूच जपायचीस.”

मशीन विकली गेली नाही. त्यानंतर पाच वर्षे काका लेकीबरोबर प्रत्येक झाडापाशी जात. पळायच्या वाटेवरच्या विटा उचलत, काठ्या रोवून देत, आणि मोजायची वेळ आली की बाजूला होत. मला ते एकदा म्हणाले, “मास्तर, थांबणं मला येतं असं मी समजत होतो. पण हात मागे बांधून उभं राहणं, हेही थांबणंच की. ते तर मला साठीनंतर शिकावं लागलं.” शेवटच्या आजारात त्यांना दारातल्या खुर्चीत बसवत. तिथून दिसणाऱ्या झाडांच्या बुंध्यांची रुंदी ते डोळ्यांनी अजमावत बसत, आणि लेक आली की विचारत, “तुझ्या किती होतील?”

ते गेले त्याला आता तीन वर्षे झाली. त्यांच्या घरच्या भिंतीवर चारशे एकेचाळीस ढलप्या आहेत, आणि पहिला खिळा अजून रिकामा आहे. लेकीच्या हाताखाली दोन माणसे काम करतात. ती त्यांना विती मोजून देत नाही. ‘ज्याची वीत, त्याचंच बोट’ एवढेच सांगते. माझ्या घरामागचा बुडखा मी काढू दिला नाही. पावसाने तो काळा पडला आहे. त्यावर ती पट्टी आहे, माझ्या बोटांनी मोजली तर साडेपाच.